गावची शुद्ध हवा आणि माझं नाक

आक्... आक्... आऽऽक् छी!

मित्र-मैत्रिणींनो, लेखाची सुरुवातच शिंकेने झाली म्हणून अपशकुन समजून पान उलटू नका. गेल्या वर्षी लेडीज होस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर पहाटे साडेपाचला हा आवाज ज्यांनी ज्यांनी ऐकला, त्या सगळ्यांची मी आधी माफी मागते. ती मीच होते. एका दमात अकरा शिंका हा माझा रेकॉर्ड आहे आणि तो अजून कुणी मोडलेला नाही!

दुसरी माफी माझ्या मराठीबद्दल. मी कॉन्व्हेंटची. आमच्या शाळेत मराठीचे तास म्हणजे आठवड्यातून मोजून चार. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर पोटात घाला. पण हा विषय मला मराठीतच लिहायचा होता, कारण तो मेसच्या मावशींनाही वाचून दाखवायचा आहे. का, ते शेवटी सांगते.

तर झालं असं, की इथे ॲडमिशन मिळाली तेव्हा आमच्या घरी ब्रँचपेक्षा हवेचं कौतुक जास्त झालं. आजी म्हणाली, "बरं झालं, ठाण्याच्या त्या धुरातून सुटशील. गावची शुद्ध हवा, तब्येत कशी ठणठणीत होते बघ." मलाही ते पटलं. कॉलेजच्या तिन्ही बाजूंना शेतं, जवळच कृष्णा, ऊस, सोयाबीन, हळद. फर्स्ट इयरला खिडकी सताड उघडी टाकून झोपायचे. काही म्हणता काही झालं नाही.

सेकंड इयरच्या सप्टेंबरमध्ये मात्र नाक सुरू झालं, ते थांबेचना. सकाळी शिंका, दिवसभर नाकाला धार, डोळे चोळून चोळून लाल. टाळूला आतून अशी खाज, की जीभ बाहेर काढून खाजवावं वाटे (हसू नका!). व्हायवाला निघाले आणि शिंकले की रूममेट म्हणायची, "थांब गं दोन मिनिटं, शिंक झाली." मी म्हणायचे, दोन मिनिटं थांबून काय होणार? तेवढ्यात अजून चार होतील!

मी केलेल्या तीन चुका

पहिली चूक म्हणजे मी तिला सर्दी समजले. सर्दी विषाणूमुळे होते. तिच्यात अंग दुखतं, घसा धरतो, कधी ताप येतो आणि आठ-दहा दिवसांत ती जाते. माझं दुखणं दीड महिना चाललं होतं. ताप नाही, अंगदुखी नाही. नाकातून येणारं पाणी नळासारखं स्वच्छ आणि नाक, डोळे, टाळू यांना सतत खाज. ही ॲलर्जीची लक्षणं आहेत, हे मला माहीतच नव्हतं.

दुसरी चूक एम-थ्रीच्या पेपरच्या सकाळी केली. शेजारच्या रूममधल्या मैत्रिणीने एक पिवळी गोळी दिली. "घे, नाक एकदम बंद होतं." नाक बंद झालं, पण डोळेही बंद व्हायला लागले! ॲलर्जीच्या जुन्या गोळ्या मेंदूपर्यंत पोचतात आणि झोप आणतात. लाप्लास ट्रान्सफॉर्मच्या तिसऱ्या ओळीवर मी पेन धरून पेंगत होते. निकाल सांगायची गरज नाही. तो विषय मी नंतर पुन्हा दिला.

तिसरी चूक नाक मोकळं करणाऱ्या थेंबांची. मेडिकलमधून बाटली आणली. दोन थेंब टाकले की स्वर्ग. मग दिवसातून तीनदा, पाचदा, तीन आठवडे. हे थेंब नाकातल्या रक्तवाहिन्या आकसवतात. पण तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले, तर थेंब उतरल्यावर त्या वाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात आणि नाक औषधामुळेच चोंदायला लागतं. आपण पुन्हा थेंब टाकतो. आपल्या भाषेत सांगायचं तर पॉझिटिव्ह फीडबॅक लूप!

आणि मग ती रात्र आली. ऑक्टोबर संपत आला होता, मागच्या शेतात दिवसभर सोयाबीनची मळणी चाललेली. महिनाभर रात्री कोरडा खोकला होताच, त्याकडे मी लक्ष दिलं नव्हतं. त्या रात्री दोन वाजता जाग आली तेव्हा श्वास बाहेर सोडताना छातीतून शिट्टी वाजत होती. रूममेटला "मला दम लागतोय" हे तीन शब्द सांगायला मला तीन श्वास घ्यावे लागले. रेक्टर मॅडमनी कॉलेजची गाडी काढली आणि तालुक्याच्या गावी नेलं. तिथे नेब्युलायझर लावला. अर्ध्या तासाने शिट्टी थांबली तेव्हा मी रडले. भीतीने की सुटकेने, देव जाणे. मॅडम रात्रभर बाकावर बसून होत्या.

सकाळी छातीच्या डॉक्टरांनी समजावलं, की नाक आणि फुप्फुसं म्हणजे एकाच रस्त्याची दोन टोकं. नाकात ॲलर्जीची सूज वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहिली, तर अनेकांना पुढे दमा होतो. आणि दमा असलेल्या बहुतेकांना नाकाचाही त्रास असतो. "साधी शिंक" म्हणून सोडून द्यायचं नाही ते यासाठी.

शरीरातला चुकीचा अलार्म

मी ई अँड टीसीची, म्हणून मला हे सेन्सरच्या भाषेत समजलं. आपली रोगप्रतिकारक यंत्रणा म्हणजे स्मोक डिटेक्टर. आग लागली तर त्याने वाजायलाच हवं. पण त्याचा थ्रेशोल्ड चुकीचा सेट झाला, तर मेसमध्ये फोडणी पडली तरी तो बोंब मारतो. ॲलर्जी म्हणजे हेच. परागकण बिचारा निरुपद्रवी असतो, शरीर मात्र त्याला शत्रू समजतं.

पहिल्यांदा त्या परागकणाशी गाठ पडते तेव्हा बाहेरून काहीच दिसत नाही. आतमध्ये मात्र शरीर त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करतं. ती नाक, डोळे, श्वासनलिका इथल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात, जणू पिन काढून ठेवलेले बॉम्ब! पुढच्या हंगामात तोच परागकण आला की मास्ट पेशी फुटून हिस्टामिन बाहेर पडतं. हिस्टामिन म्हणजे खाज, पाणी, सूज, शिंका. म्हणूनच माझं फर्स्ट इयर सुखात गेलं आणि सेकंड इयरला स्फोट झाला. "गेल्या वर्षी तर काही नव्हतं" असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

'ॲलर्जी' हा शब्द १९०६ साली क्लेमेन्स फॉन पिर्के या व्हिएन्नाच्या डॉक्टरने बनवला. आयजीईचा शोध मात्र १९६० च्या दशकात लागला. इशिझाका हे जपानी पती-पत्नी त्या शोधातले आघाडीचे संशोधक. म्हणजे शिंका युगानुयुगं, पण कारण कळून साठेक वर्षंच झालीत.

गुन्हेगार कोण?

डॉक्टरांनी औषधाबरोबर एक होमवर्क दिला. रोज वहीत लिहायचं: त्रास शून्य ते दहामध्ये किती, त्या दिवशी कुठे होते, बाहेर काय चाललं होतं. मी फाइल पेजवर तक्ता आखला (सबमिशनची सवय!). सहा आठवड्यांनी ग्राफ काढला तर दोन पीक अगदी स्पष्ट दिसले. एक संध्याकाळी ग्राउंडवरून आल्यावर आणि दुसरा पहाटे अंथरुणात. म्हणजे गुन्हेगार एक नव्हे, दोन होते.

संध्याकाळचा गुन्हेगार म्हणजे व्हॉलीबॉल कोर्टमागे कंबरभर वाढलेलं, पांढऱ्या बारीक फुलांचं गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत. हे मूळचं आपलं नाही, अमेरिका खंडातलं. १९५० च्या दशकाच्या मध्यावर पुण्यात त्याची नोंद झाली आणि आयात गव्हाबरोबर ते आलं असं सांगितलं जातं. पाऊस पडला की उगवतं, महिना-दीड महिन्यात फुलतं आणि एकेक झाड हजारो बिया टाकतं. त्याच्या परागकणांनी नाक आणि छाती धरते. पानांतल्या पार्थेनिन या द्रव्यामुळे कातडीवर पुरळ उठतं. पापण्या, मान, कोपराची घडी या उघड्या जागी जास्त. पहाटेचा गुन्हेगार गादीत होता. धुळीतले माइट, डोळ्यांना न दिसणारे किडे. दमट हवेत आणि जुन्या कापसात ते सुखाने नांदतात. पावसाळ्यात होस्टेलची गादी म्हणजे त्यांचं फाइव्ह स्टार हॉटेल.

तुमचा गुन्हेगार वेगळा असू शकतो. म्हणून आपल्या परिसराचं हे ढोबळ वेळापत्रक देते:

जून ते सप्टेंबर: ओल्या भिंतींवरची बुरशी आणि गादीतले माइट.

ऑगस्ट ते ऑक्टोबर: गाजर गवत आणि इतर गवतांचा फुलोरा.

सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर: सोयाबीनची काढणी-मळणी. त्या धुळीत बुरशीचे बीजाणूही असतात.

नोव्हेंबर ते मार्च: ऊसतोड आणि पाचट जाळल्याचा धूर. ही ॲलर्जी नव्हे, पण आधीच सुजलेल्या नाकाला आणि छातीला धूर सहन होत नाही.

फेब्रुवारी-मार्च: ज्वारी-हरभऱ्याची मळणी, शिवाय वावळसारख्या झाडांचा फुलोरा.

गंमत म्हणजे, आपण ज्यांच्यावर संशय घेतो ती रंगीत, मोठी फुलं बहुधा निर्दोष असतात. गुलमोहराचे परागकण जड आणि चिकट, ते पाखरांबरोबर जातात. वाऱ्यावर उडतात ते साध्या, कुणाचं लक्ष न जाणाऱ्या फुलांचे. "गावचा मध खा, ॲलर्जी जाते" हेही त्यामुळेच पटत नाही. मधमाशी फिरते एका फुलावर आणि आपल्याला त्रास होतो भलत्याचाच. मध खा, पण गोड लागतो म्हणून खा.

मग करायचं काय?

शेतं तर हलवता येत नाहीत आणि सुगी बंद ठेवा असंही कुणाला सांगता येत नाही. शेजारी पीक आहे म्हणून तर मेसमध्ये भाकरी आहे. म्हणून आपल्याच सवयी बदलायच्या. मी करते ते सांगते.

१. ग्राउंडवरून आले की आधी आंघोळ, केसांसकट. परागकण केसांत बसतात आणि रात्री उशीवर उतरतात. फुलोऱ्याच्या दिवसांत कपडे गच्चीवर वाळत घालत नाही, आतल्या व्हरांड्यात घालते.

२. चादर आणि उशीचा अभ्रा दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुते. ६० अंशांच्या आसपास माइट मरतात, साध्या गार पाण्यात नाही. ऊन पडलं की गादी बाहेर. ती झटकायचं काम मात्र रूममेटचं. बदल्यात मी तिचं शीट ट्रेस करते!

३. रूममध्ये कोरडा झाडू मारताना मी बाहेर जाते. झाडूने धूळ जात नाही, फक्त उडते. ओल्या फडक्याने पुसणं बरं. पंख्याची पातीही पुसा, तिथे सेमिस्टरभराची धूळ असते.

४. डासांची कॉइल आणि अगरबत्ती बंद, मच्छरदाणी सुरू. मळणी चालू असली की त्या बाजूची खिडकी बंद आणि बाहेर पडताना एन-९५ मास्क. २०२० नंतर मास्क घातलेल्याकडे वळून बघायचं लोकांनी सोडून दिलंय, त्याचा फायदा घ्या. गाडीवर हेल्मेटची काच खाली.

५. मिठाच्या पाण्याने नाक धुणं, म्हणजे आपली जलनेती. पाव लिटर पाण्यात साधारण दोन ग्रॅम मीठ, हे आपल्या रक्ताच्या खारटपणाच्या जवळपास येतं, म्हणून झोंबत नाही. पण पाणी उकळून गार केलेलंच हवं. नळाचं, बोअरचं किंवा विहिरीचं कच्चं पाणी नाकात कधीही घालू नका. त्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूत जाऊ शकतो. हे फार क्वचित होतं, पण झालं तर बहुतेक वेळा जीवच जातो.

औषधांबद्दल थोडं. आता झोप न आणणाऱ्या किंवा फार कमी आणणाऱ्या गोळ्या मिळतात. कुठली, किती, हे डॉक्टरना विचारा आणि नवी गोळी पहिल्यांदा पेपरच्या दिवशी तरी घेऊ नका. नाकातला स्टेरॉइडचा स्प्रे गोळीपेक्षा जास्त उपयोगी ठरतो, पण तो थेंबांसारखा लगेच काम करत नाही. रोज मारला तर पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात. म्हणून हंगामाच्या आधीच सुरू करायचा. अभ्यासासारखंच आहे, आदल्या रात्री उपयोग नाही. मारताना मान किंचित पुढे आणि नळीचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे नको, बाहेर, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने मारलं की हे आपोआप जमतं. जास्तच त्रास असेल तर कातडीवर टेस्ट करून इम्युनोथेरपी देतात, पण तो साधारण तीन वर्षांचा कोर्स आहे.

आणि "पंपाची सवय लागते" ही भीती मनातून काढा. इनहेलरचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि थेट फुप्फुसांत जातो. गोळीचा मिलिग्रॅममध्ये, सगळ्या शरीरभर फिरतो. चष्म्याची सवय लागते म्हणून कुणी आंधळेपणाने फळा वाचतं का?

पण एक गोष्ट घरगुती उपायांवर सोडू नका. छातीत शिट्टी वाजणं, एक वाक्य एका दमात न बोलता येणं, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाणं किंवा ओठ निळे पडणं, यातलं काहीही दिसलं तर आलं-मध, वाफारा, "सकाळी बघू" काही नाही. रेक्टरना उठवा, १०८ ला फोन करा. रात्रीचे दोन वाजले असले तरी.

आता मावशींची गोष्ट

माझी वही बघून मेसच्या मावशी एकदा हसल्या. "अगं पोरी, याला एवढं लिवायचं काय? सुगी आली की आमच्या घरात समद्यांच्या नाकाला धार लागती. ह्यांचं तर मान-डोळं सुजत्यात. उन्हाचं हाय ते."

मी विचारलं, काका काय करतात? म्हणाल्या, "दरसाली एक सुई घेत्यात. दोन दिवसांत साफ. मग म्हैनाभर बघायला नको."

मी डॉक्टरांना विचारलं. महिनाभर टिकणारी अशी सुई बहुधा लांब पल्ल्याच्या स्टेरॉइडची असते. आराम पडतो हे खरं, पण दरवर्षी घेत राहिलं तर साखर, रक्तदाब, हाडं यांवर परिणाम होऊ शकतो. त्याच गटातलं औषध नाकात किंवा छातीत अगदी थोडं दिलं तर ते बरंच सुरक्षित. काकांच्या मानेचं दुखणं उन्हाचं नसून गाजर गवताचं असावं, असं त्यांना वाटलं. काका ते गवत उघड्या हातांनी उपटून बांधावर टाकत होते, वर्षानुवर्षं.

तेव्हा मला माझीच लाज वाटली. मी दोन वर्षं "गावच्या हवेने मला त्रास दिला" म्हणत होते. मला खिडकी बंद करता येते, सुट्टीत ठाण्याला पळता येतं. ज्यांच्या हातचं आपण जेवतो, त्यांना मळणी सोडून कुठे जाता येतं? त्यांच्या दुखण्याला तर 'ऊन' म्हणून वेगळंच नाव पडलेलं. काका आता हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून शेतात जातात आणि तालुक्याला कातडीच्या डॉक्टरना दाखवून आले. मावशी म्हणतात, "औंदा सुई न्हाई."

यंदा ऑक्टोबरमध्ये माझ्या वहीतला सगळ्यात वाईट आकडा चार होता. गेल्या वर्षी तो नऊ होता. पूर्ण बरी झाले असं मी म्हणत नाही, पण रात्री झोपते आणि व्हायवाला वेळेवर पोचते.

जाता जाता दोन विनंत्या. पहिली, ज्यांना दमा किंवा ॲलर्जी आहे त्यांनी रेक्टरना आणि रूममेटला सांगून ठेवा आणि इनहेलर कुठे ठेवता तेही दाखवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. दुसरी एनएसएसवाल्यांना. ऑगस्टमध्ये देशभर गाजर गवत जागृती सप्ताह पाळतात. तेव्हा जमीन ओली असते, गवत मुळासकट निघतं आणि फुलोराही थोडाच असतो. पुढच्या ऑगस्टमध्ये व्हॉलीबॉल कोर्टमागचं आणि जमलं तर मावशींच्या बांधावरचं गवत आपण काढू या. हातमोजे आणि मास्क घालून. ॲलर्जीवाल्यांनी मात्र लांब थांबून चहाची व्यवस्था बघायची.

चहाच्या कमिटीत माझं नाव पहिलं लिहा!